पाव भाजायचाच कशाला?

दोनशे अंशांवर तापलेल्या ओव्हनचं दार उघडून आत हात घातलात, तर गरम हवा लागते, थोडं भाजल्यासारखं वाटतं आणि तुम्ही हात बाहेर काढता. बाकी काही होत नाही. आता उकळत्या पातेल्याच्या तोंडावर हात धरून बघा. नको, धरू नकाच. तिथे तापमान आहे जेमतेम शंभर, म्हणजे ओव्हनच्या निम्मं. तरी कातडी सोलवटून निघेल. निम्म्या तापमानाला ही ताकद आली कुठून?

आकडे बघा. शंभर अंशांचं एक ग्रॅम पाणी आपल्या अंगाच्या तापमानापर्यंत निवतं, तेव्हा त्यातून साधारण ६३ कॅलरी उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम वाफ मात्र नुसतं पाणी होतानाच, तापमान अंशभरही न उतरता, ५४० कॅलरी सोडून देते. मग ते पाणी निवतं आणि वरच्या ६३ कॅलरीही देऊन जातं. म्हणजे तेवढ्याच वजनात जवळजवळ दहापट उष्णता! उकळत्या पातेल्याखाली तुम्ही इतका वेळ गॅस जाळलात, तो सगळा त्या वाफेत दडून बसलेला असतो आणि गार वस्तू भेटली रे भेटली की तिच्या अंगावर रिता होतो.

याच दडलेल्या उष्णतेवर जपानी लोक हिवाळाभर निकुमान खातात. हा मुठीएवढा, पांढराशुभ्र, मऊ बन असतो. माथ्यावर चुण्या, पोटात डुकराच्या खिम्याचं आणि कांद्याचं रसदार सारण. यीस्टने फुगलेला हा अस्सल पाव आहे, पण त्याला भट्टी कशी ती ठाऊक नाही. आणखी नवल म्हणजे कच्च्या कणकेत कच्चं मांस भरायचं आणि पाव तासात दोन्ही एकदम शिजवून बाहेर काढायचं. मांसाने आपला रस सोडता कामा नये, पावाने तो पिऊन लगदा होता कामा नये. दोघांची गरज उलटी, आणि दोघांना सांभाळणारी शक्ती एकच, पाणी.

कृतीकडे वळण्याआधी एक छोटी फेरी मारून येऊ, कारण या बनाचा प्रवासही कमी अचाट नाही. वाफवलेला भरला बन जपानमध्ये आला चीनहून. परंपरा सांगते की १३४९ साली रिन जोइन नावाचा चिनी माणूस एका झेन भिक्षूबरोबर येऊन नारा शहरात राहिला आणि त्याने तिथे वाफवलेले मांजू करायला सुरुवात केली. पण भिक्षू मांस खात नाहीत! म्हणून सारणात मांसाऐवजी गोड वाटलेल्या डाळीच्या जातीचं पुरण गेलं. नाऱ्याच्या कांगो देवस्थानाच्या आवारात या रिन महाशयांचं छोटं देऊळ आहे आणि दरवर्षी १९ एप्रिलला तिथे मांजूचा उत्सव होतो. मिठाईवाल्याला देवपण देणारा देश आपल्याला आवडायलाच हवा.

पुढे पाचशे वर्षं बन गोडच राहिला. बौद्ध धर्माच्या प्रभावाने जनावरांचं मांस खाणं तिथे कमीपणाचं मानलं जाई. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने उघडपणे गोमांस खाल्लं आणि वारं फिरलं. तोवर योकोहामा आणि कोबे ही बंदरं परदेशी जहाजांना खुली झाली होती, तिथे चिनी वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. कोबेच्या नानकिनमाची या चिनी वस्तीत १९१५ साली रोशोकी हे दुकान उघडलं. मांस भरलेला बन तिथून जपानी जिभेला लागला. कोबे-ओसाकाकडे त्याला बुतामान म्हणतात.

आणि टोकियोत? तिथल्या शिंजुकू भागातल्या नाकामुराया या दुकानाने १९२७ मध्ये चिनी बन विकायला काढले. त्याच वर्षी त्याच दुकानाने आणखी एक पदार्थ आणला, अस्सल भारतीय पद्धतीची करी. ती कुणी शिकवली? रासबिहारी बोस यांनी! १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला, त्या कटातले रासबिहारी १९१५ मध्ये जपानला निसटले. ब्रिटिशांच्या दबावामुळे त्यांना देशाबाहेर काढायची वेळ आली, तेव्हा नाकामुरायाच्या सोमा दांपत्याने त्यांना दुकानामागच्या जागेत लपवून ठेवलं. पुढे रासबिहारींनी त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी लग्न केलं. एका क्रांतिकारकाची करी आणि आपला हा बन एकाच छपराखाली, एकाच वर्षी! ही दोन्ही नावं एका ओळीत वाचताना मला अजून खोटं वाटतं.

चला, आता परात घ्या.

तुम्ही म्हणाल, पारी करायची, सारण भरायचं, कळ्या पाडायच्या, वाफवायचं, मग हा मोदकच की! हात मोदकाला सरावलेला असेल, तर निम्मं काम तुम्हाला येतंच. पण पारीत मोठा फरक आहे. तांदळाच्या पिठाला स्वतःची ताण धरायची ताकद नसते, म्हणून आपण आधी उकड काढतो. पिठातला स्टार्च आधीच शिजवून चिकट करतो आणि मग पारी वळतो. ती पारी फुगणार नाही, तिचं काम फक्त सारण सांभाळायचं. निकुमानची पारी कच्ची असते आणि ती फुगत असतानाच शिजते. त्यासाठी गहूच लागतो. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळणं सुरू झालं की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं जाळं विणतात. एक प्रथिन जाळ्याला ताकद देतं, दुसरं ताणलं जायची सोय करतं. जगात इतकी धान्यं आहेत, पण वायू पोटात धरून फुगायची ही कला गव्हाइतकी दुसऱ्या कुणाला साधलेली नाही.

मात्र इथे ताकद बेताची हवी. जपानी घरांत यासाठी कमी प्रथिनांचा, आठ-नऊ टक्केवाला, केकचा मैदा घेतात. आपला मैदा त्याहून थोडा जोरकस असतो, म्हणून ३०० ग्रॅम मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोर घाला. त्यात ३० ग्रॅम साखर, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, एक मोठा चमचा तेल आणि साधारण १५० ते १६० मिलिलीटर कोमट पाणी. कणीक चपातीच्या कणकेहून जरा मऊ हवी. दहा मिनिटं छान तिंबा.

तिंबताना काय घडतं, ते कळलं की हात आपोआप रेंगाळतो. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे शाळेत शिकलो. मग पावात जी जाळी पडते, ते हजारो बुडबुडे यीस्टने बनवले, असंच आपण धरून चालतो ना? यीस्ट एकही नवा बुडबुडा बनवत नाही! अगदी शून्यातून नवा बुडबुडा उघडणं वायूला जमतच नाही, कारण बुडबुडा जितका बारीक तितका त्याला भोवतालचा ताण जास्त जोराने दाबतो. यीस्टचा वायू आधी कणकेतल्या पाण्यात विरघळतो आणि मग आधीच तयार असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठं करतो. ते आधीचे बुडबुडे आले कुठून? तुमच्या तळहातांतून. मळताना तुम्ही हवा आत दुमडत होतात, तिचेच ते कण. तुमच्या बनाला किती आणि केवढाल्या छिद्रांची जाळी पडणार, हे बरंचसं यीस्ट जागं व्हायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

म्हणूनच एक युक्ती करून बघा. तासाभरात कणीक दुप्पट फुगली की ती पोळपाटावर घेऊन लाटण्याने लाटा, तिची घडी घाला, पुन्हा लाटा, पुन्हा घडी. असं सात-आठ वेळा. मोठे बुडबुडे फुटून त्यांचे असंख्य बारीक बुडबुडे होतात आणि कणीक रेशमासारखी गुळगुळीत होते. शिवाय बन जास्त पांढरा दिसतो! रंग कुठला घातला? कुठलाच नाही. लहान-लहान बुडबुड्यांच्या भिंतींवर आदळून प्रकाश सगळीकडे विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश डोळ्यांना पांढरा दिसतो.

पांढरेपणाचा एक शत्रू मात्र स्वयंपाकघरातच बसलेला असतो. बेकिंग पावडरऐवजी नुसता खाण्याचा सोडा घातलात किंवा तो नीट मिसळला नाही, तर बनावर पिवळे डाग उमटतात. गव्हाच्या पिठात फ्लेव्होन जातीची रंगद्रव्यं असतात. एरवी ती दिसत नाहीत, क्षार भेटला की पिवळी होतात. जपानी रामेनच्या शेवया याच कारणाने पिवळसर असतात. त्यांत अंडं असेलच असं नाही, त्यांचं पाणी मुद्दाम क्षारयुक्त केलेलं असतं. तिथे जे हवं, तेच इथे नको.

आता सारण. अडीचशे ग्रॅम खिमा घ्या. जपानमध्ये तो डुकराचा, थोडी चरबी असलेला असतो. गोव्यात आणि वसईकडे तो सहज मिळेल. नसेल चालत, तर कोंबडीच्या मांडीचा घ्या, छातीचा नको, कोरडा पडतो. खिमा फ्रिजमधून काढल्याबरोबर गारच हवा. त्यात पहिल्यांदा फक्त अर्धा छोटा चमचा मीठ घाला आणि हाताने जोरजोरात मळा. दोनेक मिनिटांत मजा दिसेल. सुटा-सुटा खिमा एकदम चिकट होईल, बोटांना तार धरेल. हे काय झालं? स्नायूंना आखडायला लावणारं मायोसिन नावाचं प्रथिन असतं. नुसत्या पाण्यात ते धड विरघळत नाही, मिठाच्या पाण्यात विरघळतं. मिठाने ते तंतूंतून बाहेर ओढून काढलं. पुढे उष्णता मिळाली की हेच मायोसिन गोठून जेल होतं आणि मांसाचा रस त्या जेलमध्ये अडकून बसतो. मीठ शेवटी घातलंत, तर चव तीच येईल, पण चावल्यावर एकीकडे रबरी गोळा आणि दुसरीकडे ओली पारी. काय घातलं याच्याइतकंच ते कधी घातलं, याला इथे महत्त्व आहे.

मग एक मोठा चमचा सोया सॉस, छोटा चमचा साखर, किसलेलं आलं, मिरपूड आणि तिळाचं तेल. पण सांभाळा. जपानी तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं, खमंग वासाचं असतं. आपलं कच्च्या तिळाचं तेल घातलं तर बिघडत नाही, पण तो वास येणार नाही. एक कांदा बारीक चिरून त्याला मोठा चमचाभर कॉर्नफ्लोर चोळा आणि अगदी शेवटी मिसळा. मिठाने कांद्याला पाणी सुटतंच, ते स्टार्च धरून ठेवतो आणि वाफेत त्याचा दाटसर रस होतो. ओसाकाच्या ५५१ होराई या प्रसिद्ध दुकानाच्या बनात मांस आणि कांदा, एवढ्यावरच भागतं.

माझं मत विचाराल, तर दोन-तीन सुकवलेल्या शिताके अळंब्या घालाच. गार पाण्यात भिजवून, पिळून, बारीक चिरून. त्या तिथे केवळ शोभेला नाहीत. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनितो माशात दुसरा उमामी पदार्थ सापडला, इनोसिनेट. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी तिसरा ओळखला, ग्वानिलेट. तो सुकवलेल्या शिताकेत भरपूर असतो. कुनिनाकांच्या लक्षात आलेली खरी गंमत पुढची आहे. ग्लुटामेटला बाकीच्या दोघांपैकी कुणाचीही सोबत मिळाली की चवीची बेरीज होत नाही, ती कित्येक पटींनी वाढते. आता आपलं सारण बघा. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट, मांसात इनोसिनेट, अळंबीत ग्वानिलेट. तिघेही एकाच वाटीत! चीनच्या आणि जपानच्या स्वयंपाक्यांनी हे त्रिकूट यातलं एकही नाव माहीत नसताना जमवलं होतं.

कणकेचे आठ गोळे करा. पारी लाटताना कडा पातळ, मध्य जाड. कारण कडा वर चुण्यांत एकत्र येतात आणि तिथे कणकेचे थरावर थर चढतात. सगळी पारी सारखी पातळ ठेवली, तर माथ्याला कणकेचा गड्डा आणि बुडाला भोक. सारण मधोमध ठेवा, डाव्या हाताचा अंगठा सारणावर दाबून धरा, उजव्या हाताने कळ्या पाडत फिरा. कडेला तेलकट रस लागू देऊ नका, नाहीतर कळ्या चिकटत नाहीत. प्रत्येक बनाखाली बटर पेपरचा चौकोन ठेवून वीस-तीस मिनिटं पुन्हा फुगू द्या. हातात घेतल्यावर हलका लागला की समजायचं, तयार झाला.

इडलीपात्र किंवा मोदकपात्र काढा. पाण्याला खळखळून उकळी आली की बन आत, अंतर सोडून. झाकणाला आतून स्वच्छ पंचा बांधायला विसरू नका. झाकणावरून टपकलेला एक थेंब बनावर पडला की तेवढ्या जागी चिकट, पारदर्शक खळगा तयार होतो. चिनी-जपानी बांबूच्या करंड्यांना पंचा लागत नाही, विणलेलं झाकण जास्तीची वाफ बाहेर सोडतं आणि ओल शोषून घेतं.

झाकण लागलं. आता आत बारा ते पंधरा मिनिटं जे चालतं, ते बघायला मिळत नाही याचंच वाईट वाटतं.

वाफ बनाला भिडते, त्याच्या गार अंगावर पाणी होते आणि त्या ५४० कॅलरी तिथेच सोडते. जिथे बन जास्त गार, तिथे जास्त वाफ थिजते. म्हणजे जिथे उष्णता कमी पडतेय, तिथेच ती आपण होऊन जास्त पोहोचते! कुणी सांगायला नको, ताट फिरवायला नको. पृष्ठभाग शंभर अंशांच्या जवळ पोहोचला की वाफ थिजायची जवळजवळ थांबते. शंभराच्या पुढे काही जातच नाही. आणि पाव तांबूस होण्याची रासायनिक क्रिया, जिला मायार्ड म्हणतात, ती जोरात सुरू व्हायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून साल धरत नाही, डाग पडत नाहीत, अंगावर ओलावा असल्याने पारी शेवटपर्यंत ताणली जाऊ शकते.

आत यीस्ट आधी उबेने उत्साहात येतं, मग साठीच्या आसपास मरतं. त्याची जागा बेकिंग पावडर घेते. तिचा काही वायू पाणी लागल्याबरोबर सुटलेला असतो, पण बराचसा उष्णतेची वाट बघत थांबलेला असतो. त्याच सुमारास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात, मग ग्लुटेनही घट्ट होतं. आणि शेवटी एक नाट्य घडतं. बुडबुड्यांच्या भिंती ताणून-ताणून फुटतात आणि वेगवेगळे बंद बुडबुडे एकमेकांना जोडले जातात. फेसाचा स्पंज होतो! हे झालं नाही तर? बन बाहेर काढल्यावर आतली वाफ निवून पाणी होईल, आत पोकळी पडेल आणि बाहेरची हवा बनाला दाबून त्याची सुरकुतलेली म्हातारी करेल. भिंती उघडल्या असतील, तर हवा सहज आत शिरते आणि बन उभा राहतो. तरी गॅस बंद केल्यावर झाकण एकदम उघडू नका. किंचित तिरकं करून तीन-चार मिनिटं थांबा. गरम स्टार्च अजून लेचापेचा असतो, त्याला सावरायला एवढा वेळ द्यायला हवा.

ओसाकाकडे बुतामानबरोबर जपानी तिखट मोहरीचा लेप देतात. आपली राईची कासुंदी असेल, तर तीही बेलाशक लावा.

उरले तर फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा रांगा लावून कडक व्हायला लागतो, आणि हे सर्वांत झपाट्याने घडतं ते फ्रिजच्याच तापमानाला. फ्रीजरमध्ये ते जवळजवळ थांबतं. म्हणून बन पूर्ण निवले की एकेक गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये. खाताना न वितळवता पुन्हा पंधरा मिनिटं वाफेवर. साठीच्या पुढे गेल्यावर स्टार्चच्या त्या रांगा मोडतात आणि बन नव्यासारखा मऊ होतो. जपानमधल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये थंडी सुरू झाली की गल्ल्याशेजारी काचेची गरम पेटी येते आणि बन दिवसभर वाफेतच राहतात. त्या उबेत स्टार्चला रांगा लावायला सवडच मिळत नाही.